दोन लाल पिना

पडद्यावरचा आकडा एक होता की नऊ, हे इलाला कळेना.

"आप्पा, एक वाटतोय," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून तिने पुन्हा पाहिलं. "नाही, नऊ. थांबा ना. आकड्याच्या कडेने रंग वळवळतोय. नीट दिसतच नाहीये काही."

आप्पा तिच्या मागे जमिनीवर बसले होते, डोळ्यांवर ओला पंचा दाबून. "घाबरून सांगू नको, बाय. एक असेल तर खडक तुझ्या आईपासून एका मीटरवर आहे. नऊ असेल तर तिला वळायला जागा आहे. नीट बघ."

इला नीटच बघत होती. पण बघून बघून आकडा आणखीच फिसकटत होता.

भिंतीवरच्या ध्वनिफोनमधून (म्हणजे पाण्यातून आवाजाच्या लहरी पाठवणाऱ्या फोनमधून) आईचा आवाज आला. "इला? वळू का उजवीकडे? मला इथून काही दिसत नाही गं. काचेबाहेर नुसता चिखल आहे."

इला तांडेल सहावीत होती आणि समुद्राच्या तळाशी राहत होती. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्याखाली 'नीलतळ' नावाचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिची आई सुनेत्रा तिथली पाणबुडी चालवायची. आईचे वडील, म्हणजे आप्पा, सोनारचे शास्त्रज्ञ होते. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून, समोर काय आहे ते शोधणारं यंत्र. केंद्रातली बाकीची माणसं सुट्टीसाठी वर किनाऱ्यावर गेली होती. खाली उरले होते हे तिघं आणि कुर्ली नावाचा रोबो. तो खेकड्यासारखा आडवा चालायचा, म्हणून त्याचं नाव कुर्ली.

त्या दुपारी आई 'मासोळी' ही छोटी पाणबुडी घेऊन प्रवाळाचे नमुने आणायला गेली होती. ती परत निघाली आणि जवळच्या उतारावरचा गाळ एकाएकी घसरला. आधी केंद्राच्या भिंती थरथरल्या. मग नियंत्रणाच्या खोलीत कुठूनशी पाण्याची चिळकांडी उडाली, मुख्य पॅनेलवर पडली, आणि डोळे दिपवणारा निळा लखलखाट झाला. आप्पा नेमके पॅनेलसमोर उभे होते. कुर्लीने आग विझवली, गळती बुजवली, पण सगळे पडदे काळे पडले, आणि आप्पांना काही दिसेनासं झालं.

बाहेर मासोळीचा सोनारही त्याच धक्क्यात मोडला होता. दिवे लावले की समोरचा चिखल नुसता पांढरा चमकायचा. पाण्याचा प्रवाह तिला खडकांच्या रांगेकडे ढकलत होता, आणि हवेचा काटा खाली उतरत होता.

केंद्राच्या छपरावरचा मोठा सोनार मात्र शाबूत होता. त्याला मासोळीही दिसत होती आणि खडकही. पण त्याने पाहिलेलं माणसांना दाखवायचं कशावर?

तेव्हा इलाला जुना गेम कन्सोल आठवला होता. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळायचं यंत्र. हा आप्पांच्या तरुणपणचा होता. इलाला पाणबुडी चालवण्याचा सराव व्हावा म्हणून आप्पांनी त्याच्यासाठी स्वतः एक खेळ लिहिला होता. छपरावरच्या सोनारची माहिती त्यात येई आणि तिचं चित्र होई. मासोळी पांढरी, गाळ मळकट हिरवा, खडक लाल. मासोळीच्या शेजारी एक आकडा, सर्वांत जवळचा खडक किती मीटरवर आहे ते सांगणारा. आकडेही आप्पांनी मराठीत ठेवले होते.

कुर्लीने जेवणघरातला जुना टीव्ही उचलून आणला, केबल लावली आणि चित्र आलं. इला आनंदाने ओरडली होती.

आणि आता तो आकडा.

"इला, बोल लवकर," फोनमधून आई म्हणाली. "मी सरकतेय."

"नऊ!" इला म्हणाली. "आई, नऊ आहे. वळ उजवीकडे."

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग फोनमधून असा आवाज आला की इलाने दोन्ही हातांनी कान झाकले. लोखंड दगडावर घासत होतं, बराच वेळ घासत होतं. आई ओरडली नाही, पण तिचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.

"आई!"

"आहे मी," आई म्हणाली. "बाजूला घासलं. काच शाबूत आहे. एकच मीटर होतं ते, इला."

इला पडद्यापासून मागे सरकली. "मी नाही सांगणार आता. आप्पा, मी चुकले. मी पुन्हा चुकले तर..."

आप्पांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"तू जे दिसलं ते सांगितलंस. जे दिसलं तेच खराब होतं. आता मला सांग, आकड्याच्या कडेने रंग वळवळतात म्हणालीस. कसे? मुंग्यांची रांग चालल्यासारखे?"

"हो. आणि लाल खडक पसरल्यासारखे दिसतात. कडा नाहीच त्यांना."

"कुर्ली," आप्पांनी विचारलं, "कुठली केबल लावलीस तू?"

"पिवळी," कुर्ली म्हणाला. "कन्सोलच्या केबलला पिवळी पिन. टीव्हीला पिवळं सॉकेट. रंग जुळले. काम झालं."

"तरीच!" आप्पा म्हणाले. "इला, ती कंपोझिट केबल आहे (कंपोझिट म्हणजे सगळं एकत्र केलेलं). चित्रात दोन गोष्टी असतात. कुठे उजेड आहे आणि कुठे अंधार, ही एक. कुठे कुठला रंग आहे, ही दुसरी. पिवळ्या केबलमध्ये चित्रासाठी एकच वायर. मग कन्सोल काय करतो? उजेड आणि रंग एकमेकांत कालवतो आणि त्या एकाच वायरीतून पाठवून देतो."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही ते पुन्हा वेगळं करायला बघतो. समज, भात, वरण आणि कढी मी एकत्र कालवून तुझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, आता तिन्ही वेगवेगळं कर. जमेल?"

"थोडं जमेल. पण वरणात कढी राहणारच."

"तेच होतंय. मोठी चित्रं ठीक दिसतात. पण बारीक रेघ आली, आकड्याची शेपटी आली, की टीव्हीला वाटतं हा रंगच आहे. तो तिथे भलताच रंग भरतो. म्हणून मुंग्या. एक आणि नऊ यांच्यात फरक तो केवढा, एवढ्याशा वळणाचा. तेच वळण वाटेत हरवतंय."

फोनमधून आई म्हणाली, "आप्पा, मी यांत्रिक हाताने खडकाला धरलंय. पण खडक भुसभुशीत आहे. फार वेळ नाही धरता येणार."

इलाने केबलचा खोका ओढला आणि जमिनीवर उपडा केला. वायरींचा गुंता पडला. तिने पटकन एक चपट्या पिनेची केबल उचलली. "आप्पा, ही! एचडीएमआय. ही नवी आहे. हिच्यातून सगळ्यात स्वच्छ चित्र येतं ना?"

"येतं. टीव्हीला तिची जागा आहे?"

"आहे!"

"आणि कन्सोलला?"

इलाने कन्सोल फिरवला. मागे एकच रुंद सॉकेट होतं आणि त्यात पिवळ्या पिनेच्या केबलचं दुसरं टोक अडकलेलं होतं. चपटी पिन जाईल अशी जागाच नव्हती. तिने तरीही ती दाबून पाहिली. मग तिला रडू आलं.

"नाही जाणार ती," आप्पा म्हणाले. "आणि जबरदस्तीने गेली तरी उपयोग नाही. ती केबल डिजिटल आहे (म्हणजे चित्राचे आकडे करून पाठवणारी). हा कन्सोल जुना. त्याला आकड्यांची भाषा येत नाही. तो चढउतार होणारी विजेची लाट पाठवतो, त्याला अॅनालॉग म्हणतात. दोघांच्या मध्ये दुभाष्या लागतो. आपला दुभाष्या त्या पॅनेलमध्ये होता, जळला. आता खोक्यात बघ. एका टोकाला रुंद पिन आणि दुसऱ्या टोकाला पाच रंगीत पिना असलेली केबल हवी."

इला गुंता उपसू लागली. फोनमध्ये आईचा श्वास ऐकू येत होता, आणि मधेच दगडाचे कण लोखंडावरून घरंगळल्याचा आवाज. इलाला तो आवाज आपल्या पाठीवरून घरंगळल्यासारखा वाटत होता.

"सापडली! हिरवी, निळी, लाल, अजून एक लाल आणि पांढरी."

"कंपोनंट केबल (कंपोनंट म्हणजे वेगवेगळे केलेले भाग). हिच्यात चित्राला तीन वायरी आहेत. हिरव्या पिनेतून फक्त उजेड-अंधार जातो, कुठल्याही रंगाशी न मिसळता. निळ्या पिनेतून निळ्याचा निरोप, लाल पिनेतून लालचा."

"आणि हिरव्या रंगाचा निरोप?"

"तो पाठवावा लागत नाही. एकूण उजेड कळला, त्यात निळा किती आणि लाल किती ते कळलं, की उरला तो हिरवा. वजाबाकी टीव्ही करतो. उरलेल्या दोन पिना आवाजाच्या. पण बाय..." आप्पा थांबले.

"काय?"

"कन्सोलला सॉकेट एकच. ही लावायची तर आधी पिवळी काढावी लागेल. चित्र पूर्ण जाईल. नवी केबल चालली नाही तर..."

इलाने पडद्याकडे पाहिलं. पांढरी मासोळी तिथे होती, वेडीवाकडी, फिसकटलेली, पण होती. ती दिसत होती तोवर आई आहे असं वाटत होतं. ते चित्र आपल्याच हाताने बंद करायचं?

"आप्पा, काय करू?"

"मला पडदा दिसत नाही, इला. तुला दिसतो. या चित्रावर तू तिला घरी आणू शकशील का, ते तूच सांग."

इलाला नऊ आठवला. तो घासल्याचा आवाज आठवला. तिने फोनकडे तोंड केलं. "आई, मी केबल बदलतेय. थोडा वेळ तू मला दिसणार नाहीस."

"मी इथेच आहे," आई म्हणाली. "कर."

इलाने पिवळ्या पिनेची केबल उपसली. पडदा काळा झाला.

नव्या केबलची रुंद पिन तिने कन्सोलमध्ये दाबली. खट्‌ आवाज झाला. मग ती टीव्हीच्या मागे शिरली. तिथे अंधार आणि धूळ होती. कुर्लीच्या जाड नांग्या तिथे पोचणार नव्हत्या. त्याने फक्त आपला छोटा दिवा धरला. हिरवी पिन हिरव्यात. निळी निळ्यात. मग लाल. लाल सॉकेटं दोन होती, हातात लाल पिनाही दोन. बोटं घामाने निसरडी झाली होती. एक एकात, दुसरी दुसऱ्यात. शेवटी पांढरी.

ती बाहेर आली. पडदा काळाच.

"आप्पा, काही नाही! काहीच नाही आलं!"

"टीव्ही अजून पिवळ्या सॉकेटकडेच बघत असेल. त्याला सांग, चित्र आता दुसरीकडून येतंय. कुर्ली, सोर्स बदल (सोर्स म्हणजे चित्र कुठून घ्यायचं ती जागा)."

कुर्लीने बटण दाबलं. एकदा. पुन्हा.

आणि चित्र आलं. इलाने श्वास सोडला. केवढं स्वच्छ! मासोळीची शेपटीसुद्धा दिसत होती. शेजारचा आकडा जणू नुकताच शाईने लिहिला होता. शून्य. आणि सभोवार, जिकडे पाहावं तिकडे, नुसता मळकट हिरवा गाळ. एकही खडक नाही. सगळीकडे वाटच वाट.

"आई, मोकळं आहे!" असं ती म्हणणारच होती. तोंड उघडलंसुद्धा.

पण आकडा शून्य होता. शून्य म्हणजे मासोळी खडकाला टेकलेली आहे. ते तर खरंच होतं, आईने खडक धरून ठेवला होता. मग तो खडक कुठे गेला?

चित्र फिसकटलेलं नव्हतं. ते इतकं स्वच्छ होतं की कुणालाही खरंच वाटलं असतं. आणि ते खोटं होतं.

"इला," आप्पा म्हणाले, "हा कसला आवाज येतोय?"

तेव्हा तिचं लक्ष गेलं. टीव्ही गुरगुरत होता. माशी काचेत अडकावी तसा एकसारखा आवाज.

"टीव्हीतून येतोय, आप्पा. आणि लाल रंगच नाही. पडद्यावर कुठेच लाल नाही. खडक गाळासारखेच हिरवे झालेत!"

आप्पा काही सांगणार होते, पण इला स्वतःशीच बोलत होती. "उजेड येतोय, कारण कडा स्वच्छ आहेत. म्हणजे हिरवी पिन बरोबर. लालचा निरोप मात्र येत नाही. निघाला असेल तर पोचला कुठे?" ती टीव्हीच्या स्पीकरकडे पाहत राहिली. "आप्पा, लालचा निरोप आवाजाच्या सॉकेटात गेलाय! टीव्ही तो वाचून दाखवतोय! म्हणून गुरगुर. लाल पिना दोन होत्या. मी अदलाबदल केली."

"इला!" फोनमध्ये आई पहिल्यांदाच ओरडली. "खडक सुटतोय!"

इला टीव्हीच्या मागे घुसली. कोपराला काहीतरी बोचलं. तिने दोन्ही लाल पिना उपसल्या, त्यांची जागा बदलली आणि अंगठ्याने दाबल्या.

गुरगुर थांबली.

ती बाहेर आली आणि तिला वाटलं, नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. पडदा लालेलाल झाला होता. डावीकडे खडक, उजवीकडे खडक, समोर सुळक्यांची रांग. "मोकळं आहे" हे तिचे दोन शब्द गेले असते तर आई सरळ त्या सुळक्यांवर आली असती. रांगेत फक्त एक अरुंद खिंड होती, तिच्या पलीकडे केंद्राचा दरवाजा.

"आई, आता मला दिसतंय. सगळं दिसतंय. खडक सोड आणि हळूच मागे ये."

"नक्की?"

इलाने आकडा पाहिला. त्याची शेपटी पाहिली. "नक्की. दोन. तीन. बास. आता डावीकडे तोंड कर. अजून. समोर खिंड आहे, सरळ ये."

मासोळी खिंडीत शिरली. दोन्ही बाजूंनी लाल तिच्या अंगाला आलं. आकडा दोन झाला, मग एक. इला डोळे मिटू शकत नव्हती. पापणी लवली तरी काहीतरी होईल असं तिला वाटत होतं. प्रवाहाने मासोळीला उजवीकडे ढकललं.

"डावीकडे, आई. जरासं. जरासंच! हां, सरळ. सरळ."

एक. एक. अजून एकच. आणि मग दोन. मग पाच. मग नऊ, गोल डोक्याचा, खालच्या वळणाचा, स्वच्छ नऊ.

खाली दरवाजाशी धप्प असा आवाज झाला. मासोळी लागली.

आई वर आली तेव्हा तिचे केस घामाने चिकटलेले होते. ती इलासमोर जमिनीवरच बसली. इलाची बोटं अजून टीव्हीच्या कडेला आवळलेली होती. आईने ती एकेक करून सोडवली. मग इला रडली, खूप रडली, आणि आई तिला काही न विचारता थोपटत राहिली.

बऱ्याच वेळाने आप्पांनी डोळ्यांवरचा पंचा काढला. "कुणीतरी दिसतंय," ते म्हणाले. "कडा नाहीत, पण आहे."

"मीच आहे, आप्पा."

"मग बरं होईल हळूहळू."

कुर्ली आडवा चालत पुढे आला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "रंग जुळले होते."

"रंग माझेही जुळले होते," इला नाक पुसत म्हणाली. "लाल पिन लाल सॉकेटातच होती. रंग म्हणजे नुसती पाटी. आत कुठला निरोप आहे ते बघायचं. आणि केबल निवडताना आधी हे बघायचं की दोन्ही टोकांना तीच भाषा कळते का. मग हे, की एका वायरीत किती निरोप कोंबलेत. कमी कोंबलेले असतील ती घ्यायची."

"नोंद केली," कुर्ली म्हणाला.

आईने टीव्हीच्या मागे वाकून पाहिलं. पाच पिना आपापल्या जागी होत्या. "पुढच्या वर्षी याहून खोल एक केंद्र होणार आहे," ती म्हणाली. "तिथे काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश पाठवणार आहेत. एका धाग्यात शेकडो पडद्यांची चित्रं, आणि तरी कुणी कुणात मिसळणार नाही."

"कसं काय? तिथे तर एकाच धाग्यात सगळं!" इलाने विचारलं.

आप्पा हसले. "विचारलंस ना? आता तेच शोधून काढ."

आई इलाशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मासोळी दुरुस्त झाली की मला पुन्हा बाहेर जावं लागेल, इला. नमुने तिथेच राहिलेत. तेव्हा पडद्यासमोर कोण बसेल?"

तो खडकावर घासल्याचा आवाज अजून इलाच्या कानातून गेला नव्हता. तिला नाही म्हणावंसं वाटलं. आई तिच्याकडे पाहत होती, पण घाई करत नव्हती.

"मी," इला म्हणाली. "पण तू निघायच्या आधी मी प्रत्येक केबल लावून बघणार. आणि चित्रातला लाल खडक मला केंद्राच्या खिडकीतून, डोळ्यांनी, एकदा खरा दिसला, की मगच तू मासोळी बाहेर काढायची."